नाव कमावणे आणि नावावर कमावणे

मराठीत ‘नाव’ ह्या शब्दाभोवती जितके वाक्प्रचार जमले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाभोवती जमले असतील. आपण नाव कमावतो, नाव राखतो, वाडवडिलांचे नाव काढतो, शेजाऱ्याला नावे ठेवतो, घरदार मुलाच्या नावावर करून देतो. आणि नाव सोनुबाई असून हाती कथलाचा वाळा दिसला म्हणजे हसतो. ह्या सर्व प्रयोगांत एक क्रम गृहीत धरलेला आहे. नाव आधी मिळते आणि त्याला मोल मागाहून येते. ते मोल आणतो तो त्या नावाने वावरणाऱ्याचा उद्योग. गेल्या तीस वर्षांत मात्र हा क्रम उलटा करणारा एक व्यवसाय जगात उभा राहिला आहे. इंटरनेटवरील नावे, ज्यांना डोमेन नावे म्हणतात, ती आधी घेऊन ठेवावयाची, मग ती तशीच धरून ठेवून किंवा त्यांवर काही उभारून पैसा मिळवावयाचा, असा हा व्यवसाय आहे. त्यात बेकायदा काय ते न्यायालये ठरवीत आली आहेत. परंतु जे बेकायदा नाही ते सारे नीतीला धरून असते असे नाही, आणि म्हणून ह्या कमाईचा नीतीच्या बाजूने विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंटरनेटला जोडलेले संगणक एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. ते आकडे माणसाच्या ध्यानात राहणे कठीण, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस ह्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने जॉन पोस्टेल ह्यांच्या सहकार्याने आकड्यांच्या जागी नावे वापरण्याची व्यवस्था रचली. ‘डॉट कॉम’ ह्या वर्गातील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत अशा नोंदणीला शुल्क नव्हते. त्यानंतर वर्षाला पन्नास डॉलर पडू लागले, पुढे स्पर्धेने दर उतरले, आणि आज सामान्य नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पैशांत मिळते. भारताच्या ‘डॉट इन’ वर्गाची व्यवस्था २००३ साली स्थापन झालेली ‘निक्सी’ ही संस्था पाहते. २००५ पासून तो वर्ग सर्वांस खुला झाला. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ सुरू झाले आणि मराठीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांना आपल्याच अक्षरांत पत्ता घेण्याची सोय झाली.

ह्या नावांचे दोन विशेष ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला असा की, त्यांची मालकी कोणालाच मिळत नाही. ‘डॉट कॉम’मधील नाव एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांसाठी मिळते, शुल्क भरीत राहावे तोवर ते आपल्याकडे, शुल्क थांबले की सवलतीच्या थोड्या मुदतीनंतर ते पुन्हा सर्वांना खुले. तेव्हा लोक ‘नाव विकत घेतले’ म्हणत असले तरी तो खरोखर मुदतीचा पट्टा असतो. दुसरा विशेष अधिक महत्त्वाचा आहे. एका वर्गात एक नाव एकालाच मिळते. व्यवहारातील नावाला नामबंधू असतात. इंटरनेटवरील नावाला ते असू शकत नाहीत.

आम्ही राहतो त्या गावाचेच उदाहरण घ्या. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरविणाऱ्या खाणींमुळे वसलेली ही वसाहत नंदिनी नगर म्हणून ओळखली जाते. कर्नाटकातील सहकारी दूध महासंघ १९८५ पासून आपले दूध ‘नंदिनी’ ह्याच नावाने विकतो. बंगळूर येथे १९८९ पासून त्याच नावाची, इंग्रजी लेखनात एका अक्षराचा फरक असलेली, उपाहारगृहेही आहेत. त्या दोघांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २६ जुलै २०१८ च्या निकालात न्यायालयाने उपाहारगृहांना ते नाव वापरू दिले. नंदिनी हे पुराणातील देवतेचे व धेनूचे नाव आहे, ते कोणी नव्याने घडविलेले नाही, हा विचार त्या निकालामागे होता. दूध आपल्या जागी, उपाहारगृह आपल्या जागी, खाणीचे गाव आपल्या जागी, आणि घरोघरच्या नंदिनी आपापल्या घरी. एका नावाखाली सारे सुखाने नांदतात, कारण नाव बोलावताना प्रसंगावरून अर्थ कळतो. इंटरनेटवर प्रसंग नसतो. तेथे एका वर्गात ‘नंदिनी’ हे नाव एकदा कोणी घेतले की बाकीच्या साऱ्यांनी पुढेमागे शेपटे जोडून आपली सोय पाहावी लागते. म्हणजे जे नाव वाऱ्यासारखे सर्वांचे होते त्याचा जमिनीचा तुकडा झाला. आमच्या मते ह्या व्यवसायातील सर्व नैतिक प्रश्नांचे मूळ येथे आहे. नावाला आपण नावाचा न्याय लावीत बसतो. वास्तविक त्याला आता जमिनीचा न्याय लावावयास हवा.

जमिनीच्या व्यवहारात जशी तीन प्रकारची माणसे दिसतात तशीच ती येथेही दिसतात. पहिला दुसऱ्याच्या बांधावर अतिक्रमण करतो. दुसरा पडीक जमीन घेऊन भाव चढण्याची वाट पाहतो. तिसरा घेतलेली जमीन कसतो.

पहिल्याविषयी फारसे लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याच्याविषयी कायद्याचे मत स्पष्ट आहे. ‘रेडिफ’ ह्या मुंबईच्या कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असे नाव नोंदविणाऱ्यांस मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रोखले, आणि डोमेन नाव हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावासारखेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे मत दिले. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट ह्या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा घेतली. १९९९ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नाव परत मागणाऱ्यास तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: ते नाव आपल्या चिन्हाशी गोंधळ व्हावा इतके जुळते, घेणाऱ्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले व वापरले. दुसऱ्याने कमावलेला लौकिक आपल्या दारी वळवून घेणे ही चोरी आहे. ती संगणकावर झाली म्हणून तिचे रूप बदलत नाही.

खरा विचार करावयाचा तो दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा. तो कोणाचे काही चोरीत नाही. शब्दकोशातील साधे शब्द, गावांची नावे, उद्या प्रचारात येतील अशा वस्तूंची नावे तो आधीच नोंदवून ठेवतो आणि गरजू येण्याची वाट पाहतो. इंग्रजीत ‘आवाज’ एवढाच अर्थ असलेले ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव २०१९ साली तीन कोटी डॉलरला विकले गेले. अशा वार्ता ऐकून पुष्कळांच्या मनात आशा उत्पन्न होते. ह्या माणसाचे समर्थनही अगदीच पोकळ नाही. तो म्हणतो, नाव सर्वांना खुले होते, ते मला सुचले. मी दरवर्षी शुल्क भरले. माझ्याजवळची बहुतेक नावे विकली जातही नाहीत. आणि स्वस्तात घेऊन महाग विकणे हा जर दोष असेल तर सारा वाणीवर्ग दोषी ठरेल.

ह्या युक्तिवादातील दूरदृष्टीचा व जोखमीचा भाग आम्ही मान्य करतो. परंतु वाण्याची उपमा आम्हांस पटत नाही. वाणी माल जेथे पिकतो तेथून जेथे पिकत नाही तेथे आणतो. तो मध्ये उभा नसता तर नागपूरची संत्री रायपूरच्या माणसाला मिळाली नसती. नावे अडवून ठेवणारा मध्ये उभा नसता तर तेच नाव गरजूला हजार रुपयांत मिळाले असते. वाणी टंचाई दूर करून नफा घेतो, हा टंचाई उत्पन्न करून घेतो. दोघांच्या वहीत नफ्याचा आकडा एकच असेल. पण एकाने समाजाच्या सोयीत भर घातली आणि दुसऱ्याने तीत खोट आणली. ह्याला एक अपवाद केला पाहिजे. ज्याने सर्वस्वी नवा, गोड आणि अन्वर्थक शब्द स्वतः घडविला, त्याने त्याचे मोल घेतले तर ते कारागिराचे मोल आहे. तसेच जुन्या, विसरल्या गेलेल्या नावाचा धनी शोधून काढून गरजूशी त्याची गाठ घालून देणाऱ्याची दलालीही श्रमाचीच होय.

पडून राहिलेल्या वस्तूची किंमत वाढते कशी, हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. हेन्री जॉर्ज ह्या अमेरिकन विचारवंताने १८७९ साली असे मांडले की, शहरातील मोकळ्या जमिनीचा भाव मालकाच्या श्रमाने वाढत नाही. भोवती रस्ते होतात, वस्ती होते, दुसऱ्यांचे उद्योग चालतात, त्यांनी तो वाढतो. म्हणून ती वाढ समाजाची आहे. त्याचा प्रत्यय घेण्यास आम्हांस फार लांब जावे लागत नाही. नंदिनीची चुनखडी पृथ्वीच्या पोटात युगानुयुगे होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ ह्यांच्यात करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते झाले, आणि धातुकातील अशुद्ध भाग मळीच्या रूपाने वेगळा काढणारी ही चुनखडी मोलाची ठरली. दगड तोच राहिला; मोल आणले ते भट्टीभोवती राबणाऱ्या हजारो हातांनी. नावाचेही तसेच आहे. ‘आवाज’ ह्या शब्दाला तीन कोटी डॉलर आले ते तो शब्द बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांमुळे आणि इंटरनेट वापरणाऱ्या जगामुळे. ते नाव धरून ठेवणाऱ्याचा त्यातील वाटा वाट पाहण्यापुरता आहे.

महाराष्ट्राने हा प्रश्न जमिनीच्या बाबतीत एकदा सोडविला आहे. १९४८ चा मुंबईचा कूळकायदा आणि त्यातील दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा ठरलेला कृषकदिन ह्यांच्या मागे ‘कसेल त्याची जमीन’ हे एक साधे तत्त्व होते. कागदावरचे नाव मोठे की नांगरावरचा हात, असा तो प्रश्न होता, आणि उत्तर हाताच्या बाजूने मिळाले. त्या कायद्याच्या अंमलात पळवाटा निघाल्या, कागदोपत्री कसणारे उभे राहिले, हे खरे. तरीही तत्त्व खोटे ठरले नाही. नावांच्या बाबतीतही ‘वापरील त्याचे नाव’ हे तत्त्व आम्हांस न्यायाचे वाटते. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. सरकारी निवासस्थान मिळते ते राहण्यासाठी. त्याला कुलूप लावून ठेवणारा किंवा ते गुपचूप भाड्याने देणारा अधिकारी नियमांच्या कोणत्या कलमात सापडतो हा निराळा विषय. पण घराच्या प्रतीक्षेत असलेल्या सहकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवताना त्याला संकोच वाटतो. त्या संकोचाला जे कळते तेच येथे कळावयास हवे.

आता तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडे वळू. नाव घेऊन त्यावर काही उभारणारा हा खरा कसणारा. त्याचे उदाहरण इंटरनेटच्या पुष्कळ आधी ह्याच छत्तीसगडात होऊन गेले. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे ह्यांनी १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. छत्तीसगड हे नाव त्यांनी निर्माण केले नव्हते. ते येथील लोकांचे होते. सप्र्यांनी ते घेतले आणि तीन वर्षे त्या नावाखाली लेखन, परीक्षण, भाषेची मशागत केली. आर्थिक ओढाताणीने मासिक बंद पडले. पण नाव घेताना होते त्याहून मोठे करून त्यांनी ते परत ठेवले. पुढे १९०७ साली नागपुरात त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. टिळकांच्या पत्राचे नाव आणि विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्याचा तो उद्योग होता, आणि त्या नावाबरोबर १९०८ साली राजद्रोहाची अटकही आली. एक नाव दोन भाषांत, दोन शहरांत नांदले आणि त्याचे तेज दुणावले. नावाच्या विकासाचा अर्थ आम्ही असा समजतो. आजकाल मात्र नाव नोंदवून त्यावर चार जाहिराती चिकटविल्या की त्यालाच ‘विकास’ म्हणतात. चुकून तेथे आलेल्या वाटसरूच्या प्रत्येक टिचकीमागे थोडे पैसे मिळतात. बांधावर चार झुडपे लावून जमीन कसत असल्याचा देखावा करावा, त्यातलाच हा प्रकार.

इतके वाचून कोणी म्हणेल की, मग ज्याची ताकद मोठी, ज्याचा वापर मोठा, त्यालाच सारी नावे द्यावीत. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. महाभारताच्या आदिपर्वात वसिष्ठांच्या नंदिनीची कथा आहे. विश्वामित्र राजाने तिच्या मोबदल्यात असंख्य गाई, इतकेच काय आपले राज्यही देऊ केले. ही धेनू देव, पितर, अतिथी व यज्ञ ह्यांच्यासाठी आहे, ती देण्याजोगी नाही, असे वसिष्ठांनी सांगितले, तेव्हा राजा बळावर आला. आपण अधिक मोल देऊ शकतो म्हणून वस्तूवर आपलाच हक्क, ही विश्वामित्राची समजूत आजही मोठ्या कंपन्यांत आढळते. उझी निसान नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत आपल्या संगणकांच्या धंद्यासाठी १९९४ साली आपल्या आडनावाचे ‘निसान डॉट कॉम’ नोंदविले होते. त्याच नावाच्या मोटार कंपनीने १९९९ साली त्याच्यावर दावा लावला. वर्षानुवर्षे लढून त्याने ते नाव राखले आणि २०२० साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच्याकडेच होते. तो वापरणारा होता आणि नाव त्याचे स्वतःचे होते. त्याच्या बाजूला न्याय होता. ह्याच्या उलट, २०२३ साली दिल्लीतील एका तरुणाने दोन मोठ्या कंपन्या एकत्र येतील असा तर्क करून ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ हे नाव घेतले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच्या मोबदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. तो लहान आणि समोरचा बलाढ्य, म्हणून पुष्कळांची सहानुभूती त्याला मिळाली. सहानुभूती योग्य होती. पण नावाचे दोन्ही भाग दुसऱ्यांनी कमावलेले होते, हे लहानपणाने बदलत नाही. पुढे ते नाव दुबईतील दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते मोबदल्यावाचून देऊ केले.

ह्या तरुणाचा तर्क निदान उघड बातम्यांवर आधारलेला होता. अधिकारी वर्गापुढे ह्याहून कठीण मोह येतो. एखाद्या योजनेचे, नव्या जिल्ह्याचे किंवा संस्थेचे नाव जाहीर होण्यापूर्वी फाइलवर येते. ते वाचणाऱ्याला किंवा त्याच्या नातेवाइकाला ते पाच मिनिटांत नोंदविता येते. नियोजित रस्त्याकडेची जमीन भाच्याच्या नावाने घेणे आणि नियोजित योजनेचे नाव मुलाच्या खात्यातून घेणे, ह्यांत आम्हांस अणुमात्र भेद दिसत नाही. पदामुळे कळलेली गोष्ट पदाची असते. ती घरी नेता येत नाही.

तर मग न्याय्य कमाईचे माप कोणते? ते आम्हांस पुन्हा नंदिनीपाशीच सापडते. कालिदासाने ‘रघुवंशा’त वर्णिलेला दिलीप राजा संतानासाठी वसिष्ठांच्या ह्या धेनूची सेवा करतो. एकवीस दिवस तो रानोमाळ तिच्या मागे हिंडतो आणि सिंहापुढे तिच्या जागी स्वतःचा देह ठेवतो. प्रसन्न होऊन ती त्याला आपले दूध प्यावयास सांगते, तेव्हा तो म्हणतो की, आधी वासराचा भाग, मग होमाचा, आणि त्यातून उरेल ते गुरूंच्या आज्ञेने मी घेईन. रक्षण केलेल्या पृथ्वीचा सहावा हिस्सा राजा घेतो, तसे. विश्वामित्राला धेनू हवी होती; दिलीपाने दूधसुद्धा क्रमाने घेतले. नावावर कमावू पाहणाऱ्याने हा क्रम पाळावा. ज्यांच्यामुळे त्या नावाला दूध आले, ते गाव, ती भाषा, तो समाज, त्यांचा भाग पहिला. त्या नावाखाली चालणाऱ्या कामाचा दुसरा. आणि राखणदाराचा शेवटचा. अँग्विला नावाच्या चिमुकल्या बेटाच्या वाट्याला ‘डॉट एआय’ हा वर्ग केवळ योगायोगाने आला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत २०२३ साली त्यातून सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर, म्हणजे सरकारी उत्पन्नाच्या पाचव्या भागाहून अधिक, त्याला मिळाले. योगायोगाचे हे धन सार्वजनिक खजिन्यात गेले, म्हणून ते आम्हांस खुपत नाही.

शेवटी, परप्रांतातील मराठी मंडळींच्या दृष्टीने ह्या विचारातून एक साधे कर्तव्य निघते. आपल्या मंडळांचे, ग्रंथालयांचे, गणेशोत्सवांचे पत्ते बहुधा कोणा एका उत्साही अधिकाऱ्याच्या नावावर नोंदलेले असतात. त्याची बदली होते, शुल्काची आठवण कोणास राहत नाही, आणि सुटलेले नाव टिपण्यासाठी टपलेला कोणी ते उचलतो. मग काल जेथे व्याख्यानमालेची पत्रिका होती तेथे आज जुगाराची जाहिरात दिसते, आणि मंडळाने वर्षानुवर्षे मिळविलेला विश्वास परक्याच्या गल्ल्यात पडतो. तेव्हा संस्थेचे नाव संस्थेच्याच नावे नोंदवावे, त्याचे शुल्क संस्थेच्या जमाखर्चात यावे, आणि पदभार देताना किल्ल्यांबरोबर त्याचा संकेतशब्दही नव्या चिटणीसाच्या हाती द्यावा. ‘डॉट भारत’मध्ये आपल्या गावांची व संतांची नावे आज आपल्या लिपीत घेता येतात. ज्याला त्या नावाखाली काही काम करावयाचे असेल त्याने ती जरूर घ्यावीत. ज्याला नुसते धरून ठेवावयाचे असेल त्याने ती मागून येणाऱ्यासाठी मोकळी ठेवावीत. बदलीच्या गावी लावलेल्या आंब्याची फळे पुढचा अधिकारी खातो, हे आपण आनंदाने मान्य करीत आलो आहो. नावांच्या बाबतीत तितके औदार्य दाखविणे आपल्याला जड जाऊ नये.